दिवस भरल्यानंतरचे दिवस

माझ्या फाइलमधल्या प्रत्येक सोनोग्राफीच्या कागदावर बाळंतपणाची वेगळी तारीख होती. पहिल्या कागदावर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, पाचव्या महिन्यातल्या कागदावर त्याच्या दोन-तीन दिवस अलीकडची. नवव्या महिन्यात बाळ जरा बारीक भरलं, तर मशीनने थेट ऑक्टोबरचा दुसरा आठवडा छापून दिला. सासूबाईंना ही शेवटची तारीख फार आवडली, कारण आधीच्या दोन्ही पितृपक्षात पडत होत्या आणि ही नवरात्रात. "बघ, बाळालाच कळतंय सगळं," त्या फोनवर म्हणाल्या.

यात मशीनचा दोष नसतो. पहिल्या तिमाहीत सगळी बाळं जवळपास सारख्याच वेगाने वाढतात, म्हणून तेव्हा डोक्यापासून ढुंगणापर्यंत मोजलेल्या लांबीवरून काढलेली तारीख फार तर आठवडाभर इकडेतिकडे होते. पुढे कुणी आईच्या अंगावर जातं, कुणी बापाच्या. नवव्या महिन्यातल्या मापावरून तारीख काढायला गेलं तर फरक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे पहिल्या सोनोग्राफीवरून तारीख एकदा ठरली की नंतरच्या कागदांवर फक्त बाळाची वाढ बघायची, तारखेकडे ढुंकूनही बघायचं नाही. पण कागदावर तारीख ठळक अक्षरांत असते आणि ही सूचना कुठेच नसते, त्यामुळे घरोघरी "तारीख बदलली हो" असे फोन होत राहतात.

मूळ हिशेबही किती जुना! जर्मनीतल्या हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने तो ओळखला जातो: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरायचा आणि त्यात २८० दिवस मिळवायचे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा हा नियम आजही आपल्या गावातल्या नर्सिंग होमपासून मोबाइलमधल्या ॲपपर्यंत सगळीकडे चालतो. पाळी दर २८ दिवसांनी येते हे त्यात गृहीत आहे. जिची पाळी पस्तीस दिवसांनी येते, तिची तारीख या हिशेबाने आठवडाभर आधीच "उलटते". आणि हिशेब बरोबर असला तरी नेमक्या त्या दिवशी जन्माला येणारी बाळं शंभरात चार-पाचच.

माझी तारीख पक्की होती, तरी ती उलटली. मी माहेरी साताऱ्याला होते. पहिलं बाळंतपण माहेरीच, यावर दोन्ही घरांत चर्चादेखील झाली नव्हती. आईने अळीव आणून ठेवले होते, डिंक आणला होता, जुनी सुती लुगडी धुऊन त्यांची दुपटी शिवून झाली होती. पोट उतरलं होतं, मधूनच खोट्या कळा येऊन जात होत्या, आणि रोज सकाळी कुठली ना कुठली आत्या फोन करून विचारायची, "अजून नाही का झालीस मोकळी?" जणू मीच अडून बसले होते.

आमच्या मॅडम साठीच्या आहेत. माझ्या धाकट्या भावाचं बाळंतपण त्यांच्याच हातचं. खाली मेडिकल, वर दहा खाटांचं नर्सिंग होम, आणि डॉक्टर त्या एकट्याच. चाळीस आठवडे पूर्ण होऊन काही दिवस झाले तेव्हा त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "परवा संध्याकाळी ॲडमिट हो. रात्री गर्भाशयाचं मुख मऊ करायला जेल लावू, सकाळी कळांचं सलाईन सुरू करू, दुपारपर्यंत मोकळी होशील."

"काही बिघडलंय का, मॅडम?"

"काही नाही गं. बाळाभोवतीचं पाणी आठ सेंटिमीटर आहे, ठोके छान आहेत. पण तारीख उलटली ना. उगीच रिस्क कशाला?"

परवा म्हणजे सर्वपित्री अमावास्या. आईच्या चेहऱ्यावर ते लगेच उमटलं, पण ती गप्प राहिली. मी अडले ते मॅडमच्या शेवटच्या वाक्यापाशी. उगीच रिस्क नको हे मलाही मान्यच होतं. पण धोका थांबण्यात किती आणि कळा आणण्यात किती, हे दोन आकडे शेजारी ठेवून मला कुणी दाखवत नव्हतं.

घरी येऊन वाचत बसले. थांबण्यातला धोका खरा आहे, हे आधी सांगते. पोटातच बाळ दगावण्याची शक्यता ३७ व्या आठवड्यानंतर दर आठवड्याला वाढत जाते. दीड कोटी गरोदरपणांच्या नोंदी एकत्र करून २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चाळिसाव्या आठवड्याऐवजी एक्केचाळिसाव्यापर्यंत गरोदरपण पुढे गेलं तर दर १,४४९ बायकांमागे एक बाळ जास्तीचं दगावतं, असं दिसलं. आकडा लहान आहे, पण ज्या घरात ते बाळ गेलं त्या घरापुढे तो वाचून दाखवायची माझी छाती नाही. त्याच वर्षी स्वीडनमधल्या एका चाचणीचे निष्कर्षही आले. ४१ आठवड्यांना कळा आणायच्या की ४२ पर्यंत थांबायचं, हे तिथे तपासत होते. थांबणाऱ्या गटात सहा बाळं गेली, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि चाचणी अर्ध्यातच थांबवावी लागली. जागतिक आरोग्य संघटनाही ४१ आठवडे नक्की पूर्ण झाल्यावर कळा आणाव्यात असं सांगते. म्हणजे बेचाळीसपर्यंत "निसर्गावर सोडा" म्हणणाऱ्यांशी माझं तिथेच फाटलं. असे लोक पुण्यात पुष्कळ भेटले होते. गरोदर बायकांच्या एका वर्गातल्या ताई तर औषधाने आणलेल्या कळांना कळाच मानायला तयार नव्हत्या.

माझ्या आजीला निसर्गाचं असलं कौतुक नव्हतं. तिची सगळी बाळंतपणं सुईणीच्या हातची, अंधाऱ्या खोलीत. तिची थोरली बहीण अडली आणि दोन दिवसांनी गेली, पोटातल्या बाळासकट. आजी ते सांगताना आवाजही चढवायची नाही. 'अडली' एवढंच म्हणायची, आणि ऐकणाऱ्या बायकांना पुढचं सांगावं लागायचं नाही.

पण मला विचारण्यात आलं होतं ते ४१ किंवा ४२ बद्दल नव्हतं, चाळीस उलटल्या उलटल्या होतं. आणि इथे माझ्या मनात दुसरी भीती होती. आमच्या ओळखीत "जेल लावलं, कळा आल्या नाहीत, शेवटी सिझर केलं" ही गोष्ट इतक्या जणींची आहे की ती एकच वाक्य वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली होती. खासगी रुग्णालयांतली बघितली तर ४७.४ टक्के, म्हणजे जवळपास निम्मी.

गंमत म्हणजे, कळा आणल्याने सिझर वाढतं ही माझी समजूत मोठ्या चाचणीत टिकली नव्हती. अमेरिकेत सहा हजारांहून अधिक धडधाकट पहिलटकरणींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली आले. ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्यांमध्ये सिझेरियनचं प्रमाण १८.६ टक्के, थांबलेल्यांमध्ये २२.२. रक्तदाब वाढण्याचं प्रमाणही पहिल्या गटात कमी. हे वाचून मी रात्री नवऱ्याला फोन केला, "आपण उद्याच ॲडमिट होऊ या का?" तो पुण्याहून म्हणाला, "तू काल एक म्हणतेस, आज एक."

मग नागपूरचा अभ्यास सापडला आणि सगळं जागेवर आलं. तिथल्या दोन सरकारी रुग्णालयांत, रक्तदाब वाढल्यामुळे कळा आणणं भागच होतं अशा ६०२ बायकांवर तो झाला, आणि २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. अर्ध्या जणींना दर दोन तासांनी मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची गोळी, अर्ध्या जणींना गर्भाशयाच्या मुखात फुगा असलेली फोलीची नळी. चोवीस तासांच्या आत खालून बाळंतपण झालं ते गोळीवाल्यांपैकी ५७ टक्क्यांचं, नळीवाल्यांपैकी ४७ टक्क्यांचं. त्या बायका माझ्यासारख्या नव्हत्या. त्यांना आजार होता, अनेकींचे दिवसही भरले नव्हते. तरी एक गोष्ट लख्ख दिसली. कळा आणण्याचं काम संध्याकाळी सुरू करून दुपारी आटोपणारं नसतं. चोवीस तासांत खालून बाळंतपण न झालेल्या बायका तिथे जवळपास निम्म्या होत्या.

अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनांनी २०१४ सालीच लिहून ठेवलंय की पाणमोट फुटल्यावर कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनचं सलाईन निदान बारा ते अठरा तास दिल्याशिवाय 'इंडक्शन (म्हणजे कळा आणणं) फेल गेलं' असं म्हणू नये, आई आणि बाळ ठीक असतील तर. मला जी उदाहरणं माहीत होती त्यांत जेलपासून ऑपरेशन थिएटरपर्यंतचा सगळा प्रवास याहून कमी वेळात उरकला होता. तेव्हापासून माझं मत झालं ते आजही आहे: आपल्याकडे प्रश्न चुकीच्या जागी विचारला जातो. कळा आणायच्या की नाही यावर घरं भांडतात. आणल्यावर किती तास थांबणार, हे डॉक्टरांना कुणी विचारत नाही. थांबण्याची तयारी दोन्हीकडे लागते. घरी थांबायचं तर बाळावर लक्ष ठेवत थांबायचं, दवाखान्यात जेल लावून घ्यायचं तर तिथेही थांबायचं. घाईचं नैसर्गिक बाळंतपण जसं नसतं तसं घाईचं इंडक्शनही नसतं. घाई केली की ते ऑपरेशनच होतं.

दुसऱ्या दिवशी मी हा प्रश्न घेऊन मॅडमकडे गेले. आई बाहेर बाकावर बसली, कारण डॉक्टरांना प्रश्न विचारणं तिला उद्धटपणाच वाटतो.

मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी आतून तपासलं आणि पहिल्यांदाच मला नीट समजावून सांगितलं. गर्भाशयाचं मुख आधी नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट असतं, तयार झालं की ओठासारखं मऊ होतं. ते किती उघडलंय, किती पातळ झालंय, मऊ आहे का, पुढे वळलंय का आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय, या पाच गोष्टींना गुण देतात. एडवर्ड बिशप यांनी १९६४ साली मांडलेली ही पद्धत आहे. आठच्या वर गुण पडले तर कळा आणणं आणि आपोआप येणं यात फारसं अंतर राहत नाही. माझे चार पडले.

"म्हणजे जेल लावलं तरी वेळ लागणार," मी म्हटलं.

"लागणारच."

"मग किती वेळ थांबाल?"

त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग जे बोलल्या ते मला कुठल्याच लेखात वाचायला मिळालं नव्हतं. "खरं सांगू? इथे रात्री मी, एक सिस्टर आणि एक मावशी. भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, रात्री दोनला फोन केला तर पाऊण तास. रक्त लागलं तर माणूस पाठवून आणायचं. माझं वय साठ. सलाईन चालू असलेली बाई मी रात्रभर एकटी सांभाळू शकते, पण दुसऱ्या रात्रीही सांभाळेन असं आता सांगत नाही. म्हणून मी अशा वेळा धरते की जे व्हायचं ते दिवसाउजेडी व्हावं."

राग यायला हवा होता कदाचित. उलट मला हायसं वाटलं. इतके दिवस बाळाची रिस्क म्हणून जे चाललं होतं त्यात थोडा भाग मनुष्यबळाचा होता, आणि तो खोटा नव्हता. माझी मामेबहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिच्याकडे पाळीपाळीने मिडवाइफ येत होत्या, एकीची ड्यूटी संपली की दुसरी. तिथे थांबणं परवडतं, कारण थांबणारं माणूस बदलत असतं. तिचे वाद वेगळेच होते. तिथल्या उपचारांची नियमावली ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०२१ साली एका मसुद्यात सुचवलं होतं की कृष्णवर्णीय आणि आशियाई बायकांच्या बाबतीत, सगळं ठीक असलं तरी ३९ व्या आठवड्यातच कळा आणण्याचा विचार करावा. फार ओरड झाली आणि अंतिम नियमावलीतून ते वगळलं गेलं. "रंग बघून तारीख ठरवणार?" ही आमची बाई अजून तापलेली असते. पण त्यामागे काहीच नव्हतं असंही नाही. लंडनच्या वायव्य भागातल्या १९८८ ते २००० या काळातल्या १ लाख २२ हजारांवर पहिलटकरणींच्या नोंदींत गोऱ्या बायकांचं गरोदरपण मधल्या आकड्याने (मध्यकाने) ४० आठवड्यांचं निघालं, आशियाई आणि कृष्णवर्णीय बायकांचं ३९. आपल्या आज्या 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणत आल्या, महिने तिथीचे धरले तर तोही ढोबळमानाने चाळीसच्या जरा आधीच संपणारा हिशेब आहे. मी मॅडमना हे सांगितलं तर त्या हसल्या, "बघ, म्हणजे तू आणखीच उलटलीस."

शेवटी ठरलं ते असं. ४१ पूर्ण होईपर्यंत थांबायचं. दिवसाआड एनएसटी, म्हणजे पोटाला पट्टे बांधून ठोक्यांचा आलेख. पाणी पाचच्या खाली गेलं, रक्तदाब चढला किंवा बाळाची हालचाल मंदावली तर त्याच दिवशी ॲडमिट. एकही अट लागू झाली नाही, तर ४१ ला पहाटे जेल. "आणि बाळाचे ठोके चांगले असतील तोवर मी दुसऱ्या रात्रीही थांबेन. माझी भाची आलीय एमडी करून, तिला बोलावून घेईन," त्यांनी आपणहून जोडलं. ४१ पूर्ण होत होते तो दिवस घटस्थापनेच्या आसपासचा निघाला, त्यामुळे सासरीही मंजुरी मिळाली. मी एवढा अभ्यास केला होता, पण माझी बाजू जिंकली ती पंचांगाने.

मधले दिवस रिकामे नव्हते. जेवण झालं की डाव्या कुशीवर पडून बाळाच्या हालचाली मोजायच्या, दोन तासांत दहा भराव्यात. बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांतच भरायच्या. एका संध्याकाळी भरेनात. थंड दूध प्यायले, कूस बदलली, चालून आले, तरी नाही. त्या वेळी थांबण्याचा सगळा निर्णय मला माझाच हट्ट वाटायला लागला. रिक्षाने दवाखान्यात गेलो, पट्टे बांधले, आणि बाळाने सिस्टरच्या हाताखालीच लाथ मारली. आलेख उत्तम निघाला. सोनोग्राफीत मात्र 'प्लॅसेंटा ग्रेड थ्री' असं आलं. शेजारच्या काकूंनी ते वाचून "वार जुनी झाली गं, आता थांबू नका" असं बजावलं. दिवस भरल्यावर वार तशी दिसणं नेहमीचंच असतं, पण त्या कागदाने आईची झोप गेली ती गेलीच.

उपायही सुरू होते. कोमट दुधात तूप रोज. खजूर, कारण जॉर्डनमधल्या एका लहानशा अभ्यासात शेवटचे चार आठवडे रोज सहा खजूर खाल्लेल्या बायकांच्या गर्भाशयाचं मुख दाखल होताना जास्त उघडलेलं आढळलं होतं, आणि खजूर मला आवडतो. एरंडेल मात्र मी घेतलं नाही. आत्या बाटली घेऊन आली होती. आधीच पोटात जागा नाही, त्यात उलट्या-जुलाब कोण ओढवून घेईल?

पुढच्या तपासणीत मॅडमनी विचारून, बोट फिरवून पाणमोटेचा पडदा सुटा केला. दुखलं बरंच. त्या रात्रीपासून पाठीत कळ धरायला लागली, दुसऱ्या दिवशी दर दहा मिनिटांनी, संध्याकाळी पाणी गेलं. ठरलेल्या दिवसाच्या जरा आधीच. दवाखान्यात गेलो तेव्हा मुख तीन बोटं उघडलं होतं आणि तिथेच अडकून राहिलं. रात्रभर अडकून राहिलं. पहाटे कळांचं सलाईन लागलंच, थेंब मोजून मोजून वाढवत. त्या कळांबद्दल लोक म्हणतात ते खरं आहे, त्या अंगावर येतात, मध्ये श्वास घ्यायला देत नाहीत. भाची खरंच आली होती. दुपार उलटून गेल्यावर मुलगी झाली, तीन किलोला थोडी कमी.

आता माझं बाळंतपण आपोआप झालं की औषधाने? मला सांगता येणार नाही. कळा आल्या त्या बोट फिरवल्याने, की यायच्याच होत्या? सलाईन नसतं तर? डिस्चार्ज कार्डावर 'एफटीएनडी', म्हणजे दिवस भरून नॉर्मल बाळंतपण, असं लिहिलं आहे, बिल नॉर्मलच्या पॅकेजचं लागलं, आणि फोन करणाऱ्या प्रत्येकीने "नॉर्मल की सिझर?" एवढंच विचारलं. या दोन खणांच्या मध्ये जे सगळं घडतं त्याला आपल्याकडे खण नाही. म्हणून पुढच्या मुलीला काही सांगितलंही जात नाही, आणि तीही जेलच्या दिवशी पहिल्यांदाच ऐकते की जेल नावाचं काही असतं.

धाकट्या मावसबहिणीला आता सातवा लागलाय. तिला कराडजवळच्या एका गावात नाव घालायचं होतं. तिच्याबरोबर मी फक्त दोनच प्रश्न पाठवले होते: जेल लावल्यावर किती वेळ थांबता, आणि रात्री गरज पडली तर भूलतज्ज्ञ कुठून येतात? पहिल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आत्तापासून कशाला त्याचा विचार, आम्ही आहोत ना." दुसऱ्या दवाखान्यातल्या बाईंनी खुर्ची पुढे ओढली. रात्री अकरानंतर आमच्याकडे भूलतज्ज्ञ मिळत नाही, म्हणाल्या, म्हणून मी जेल पहाटे लावते, संध्याकाळपर्यंत प्रगती नसेल पण बाळ ठीक असेल तर औषध थांबवून रात्री झोपू देते, आणि त्यातही शंका वाटली तर कराडला मोठ्या रुग्णालयात वेळेत पाठवते, गाडी दारात असते. मावसबहिणीने नाव तिथे घातलं.